नववा हात

मालननं कापडी पिशवीतून नळ काढला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला.

पितळेचा नळ होता. काळा पडलेला. त्याच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. मुख्याधिकारी वयानं लहान, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी नळ उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हे काय, बाई?"

"आमच्या दारचा नळ, सायब. सहा वर्सं झाली बसवून. दर साली पाणीपट्टी भरतीया मी. पाणी काय आलं न्हाई, माशी तेवढी आली."

शाळेचा हॉल हसला. पेठेतली माणसंही हसली. मालन हसली नाही. ती तशीच उभी राहिली, पदर खोचून, रिकामी पिशवी हातात धरून.

करवाढीवर हरकती ऐकण्यासाठी नगरपालिकेनं ती सभा बोलावली होती. आमचं गाव नदीकाठचं. खाली पेठ, बाजार, देवळं. आणि वर टेक. टेकावर दीड-दोनशे घरं. खाली पाणी दोन वेळा यायचं आणि वर चढायचंच नाही. टेकावर टाकी बांधायची, नदीवरून पंपानं पाणी वर न्यायचं, अशी योजना आली होती. निम्मा पैसा सरकार देणार होतं. उरलेल्यासाठी सगळ्या गावाची घरपट्टी शेकडा पंधरानं वाढणार होती. त्यावरून महिनाभर गावात दुसरं बोलणं नव्हतं.

मी पुढच्या रांगेत बसले होते, कारण मी नगरसेविका होते. खरं म्हणजे उभं राहायचं होतं आमच्या यांना. पेठेत आमचं कापडाचं दुकान, लोकांत ऊठबस, सगळी तयारी झालेली. ऐन वेळी आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला आणि यांच्या जागी माझा फोटो छापला गेला. खाली नाव मोठं यांचंच.

आमच्या वॉर्डात अर्धी पेठ होती आणि अर्धं टेक. पेठेतली मतं फुटणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला निवडून आणलं टेकानं, आणि टेक आणलं मालननं.

मालन कुदळे आमच्या दुकानासाठी ब्लाऊज शिवायची. तिचं आणि माझं लग्न एकाच वैशाखातलं. दोघी परगावाहून आलेल्या, दोघींना गावात कुणी नाही. दुकानामागच्या पडवीत तिचं मशीन असायचं आणि दुपारचा चहा आम्ही दोघी तिथंच प्यायचो. पंधरा वर्षं. यांच्यासमोर ती मला 'वहिनी' म्हणायची आणि एकट्या असलो की 'हेमे'. सासरी मला 'हेमे' म्हणणारं दुसरं माणूस नव्हतं. निवडणुकीत ती माझा हात धरून टेकावरच्या घराघरांत शिरली. "ही माझी मैतरीण हाय. हिला मत म्हंजे मला मत." मी प्रत्येक दारात एकच सांगितलं, तुमच्या नळाला पाणी आणीन.

"बाई, तुमची हरकत काय आहे ते सांगा," मुख्याधिकारी म्हणाले.

"हरकत न्हाईच. पट्टी वाढवा. माझी बी वाढंल, ती बी भरीन. पण पाणी द्या."

धनपालशेठ उठले. पेठेत त्यांची तीन दुकानं आणि तेलाची गिरणी. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडायची नाही. "साहेब, या बाईंबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण पेठेला पाणी पुरेसं आहे. दुसऱ्याच्या टाकीसाठी आम्ही पट्टी का भरायची? एवढ्या उंचावर घरं बांधायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्या आज्ज्यानं," मालन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"गिरणी काढली तवा कामगारांना ऱ्हायला जागा त्यांनीच दिली, टेकावर. खालची जमीन गोदामाला लागत हुती. माझा सासरा पयल्या वीस जणांत हुता, शेठ."

धनपालशेठ खाली बसले. मग पोस्टातून निवृत्त झालेले हर्डीकर उठले. त्यांचा राग नव्हता, त्यांना भीती वाटत होती हे आवाजावरून कळत होतं. "मी टेकावरच्या लोकांच्या विरुद्ध नाही. पण माझं पेन्शन ठरलेलं आहे. दोन खोल्या आहेत. बायकोला दम्याची औषधं लागतात. पट्टी दरवर्षी वाढते, पेन्शन वाढत नाही. मी कुठून आणू, तेवढं सांगा." मागून एक बाई ओरडली, "आधी आमची गटारं उपसा, मग टाक्या बांधा!" त्यावर टेकावरचे चारदोन तरुण उठले, पेठेतले उठले, आणि त्या दुपारी बोलणं म्हणून जे काही चाललं होतं ते तिथंच संपलं.

सभा मोडली. मालन शाळेच्या ओट्यावर माझ्यासाठी थांबली होती. नळ पुन्हा पिशवीत घातलेला.

"लई बोलले का गं मी?"

"चांगलं बोललीस."

तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. "हेमे, समदे म्हणत्यात, टाकीच्या बाजूनं आठ जण हायेत. तू धरून नऊ. नऊ झाले की काम झालं, व्हय?"

सतरा जणांची सभा होती. मी म्हटलं, "हो. नऊ झाले की झालं."

"तू हात वर करशील न्हवं?"

"अगं, हे काय विचारणं झालं?"

"तसं न्हवं. घरात तुला..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग दुसरंच बोलली. "रोहिणी नववीत हाय. पोरगी पहाटे चारला टँकरच्या रांगेत उभी ऱ्हाती. टँकर येतोय आठला, कधी दहाला. निम्मी शाळा बुडती. मी रांगेत उभी ऱ्हायले तर मशीन बंद. बाई म्हणत्यात, हुशार हाय, नर्सिंगला जाईल. पाणी आलं तर दहावीला बसवीन गं. न्हाईतर कसं?"

"बसवशील. मी हात वर करते. तुझ्या गळ्याची शपथ."

शपथ तिनं मागितली नव्हती. मीच घेतली.

दुसऱ्या दिवशी पेठेतले पाच-सहा जण आमच्याकडे चहाला आले. धनपालशेठ होते, हर्डीकरही होते. मी पोहे केले, बाहेर नेऊन दिले. माझ्याशी कुणी काही बोललं नाही. सगळे यांच्याशी बोलत होते, आणि माझ्याच मताबद्दल बोलत होते. धनपालशेठ जाताना मात्र माझ्याकडे वळून हसले. "वहिनी, पोहे सुरेख झाले होते."

जेवताना मी यांना विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, ती नगरसेविका आहे, तिला वाटेल ते करील." यांनी भाकरी मोडली. "तू कर तुला वाटेल ते. मी अडवणार नाही. फक्त दुकान पेठेत आहे एवढं लक्षात ठेव. टेकावरचे लोक दिवाळीला एकदा कापड घेतात."

"मी शब्द दिलाय मालनला."

"मग पाळ की." ते शांतपणे म्हणाले. "आमटी वाढ."

ते चिडले असते, ओरडले असते, तर मला सोपं गेलं असतं असं पुढे कैकदा वाटलं. ते चिडले नाहीत.

सर्वसाधारण सभा त्या शुक्रवारी दुपारी होती. मी मोरपंखी नारायणपेठ नेसले होते. पालिकेच्या सभागृहात मागं लोकांना बसायला बाकं असतात. डाव्या बाजूला टेकावरची माणसं, उजव्या बाजूला पेठेतली. मालन पहिल्या बाकावर होती. शेजारी रोहिणी, शाळेच्या गणवेशात. उजवीकडे आमचे हे धनपालशेठांच्या बाजूला बसून काहीतरी हळू आवाजात बोलत होते.

ठराव वाचला गेला. दोन-तीन भाषणं झाली. नगराध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वर होऊ लागले. एक, दोन, पाच. लिपिक बोटानं मोजत होता. सात. आठ.

मी हात वर करणार होते. हे मी आज कुणाला पटवून देण्यासाठी सांगत नाही, पण करणार होते. टेबलाखाली माझा हात मांडीवर होता आणि तो उचलायचा एवढंच काम होतं. त्या क्षणी मी मान वळवून यांच्याकडे पाहिलं. ते रागानं बघत असतील, डोळ्यांनी नको म्हणत असतील, असं मला वाटलं होतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. धनपालशेठांना घड्याळ दाखवून काही सांगत होते. मी काय करणार याची त्यांना इतकी खात्री होती की बघायचीही गरज वाटली नव्हती.

आणि माझा हात मांडीवरच राहिला.

"आठ," लिपिक म्हणाला. "प्रतिकूल?"

तेव्हा इतर हात वर झाले. मी त्यातही हात वर केला नाही. पण मला न धरताही विरोधात आठ होते, आणि बरोबरीच्या वेळी नगराध्यक्षांचं जादा मत असतं. त्यांनी ते विरोधात दिलं. ठराव पडला. उजवीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी त्याला गप्प केलं.

मी मालनकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं रोहिणीचा हात धरून तिला उठवलं आणि दारातून बाहेर नेलं, घाईनं.

मी मागोमाग जिना उतरले. ती खाली चप्पल शोधत होती. रोहिणी पुढं फाटकापाशी गेली होती.

"मालन..."

"वहिनी," ती म्हणाली. आसपास कुणी नव्हतं, तरी 'वहिनी' म्हणाली. "तेरा ब्लाऊज माझ्याकडं हायेत, नुसती हातशिलाई ऱ्हायलीया, त्ये पुरे करून पाठवते. पुढचं काम दुसरीकडं बघा. मला आता टँकरला जावं लागंल, जमायचं न्हाई."

"माझं ऐकून तरी घे."

"ऐकलं की. तिथं बसून ऐकलं समदं."

तिला चप्पल सापडली. ती गेली.

तेरा ब्लाऊज चौथ्या दिवशी आले. जुन्या साडीच्या फडक्यात नीट बांधलेले. मी एकेक उघडून पाहिला. सगळ्यांची हातशिलाई झाली होती, हुक लावून झाले होते, एकाचंही काही राहिलं नव्हतं. चिठ्ठी नव्हती. पडवीतलं मशीन दुसऱ्या दिवशी तिचा नवरा हातगाडीवर घालून घेऊन गेला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, आणि रोहिणी दहावीच्या वर्गात नाही असं कळलं. मी टेकावर गेले. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच जात होते. चढावर रांगेत हंडे, कळश्या, डालड्याचे डबे लावून ठेवलेले. त्यांच्या कडेला दगडावर रोहिणी बसली होती. मांडीवर पुस्तक नव्हतं. मला बघून उठून उभी राहिली. "आई घरी हाय, मावशी."

मालन शिवत होती. तिनं मला बसायला पाट दिला, मशीन थांबवलं. मी वाटेत ठरवून आले होते ते एका दमात बोलले. "रोहिणीला माझ्याकडे राहू दे. पेठेतून शाळा करील. फी, पुस्तकं, सगळं मी बघते. एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

तिनं थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"आन हितं पाणी कोण भरंल, वहिनी?"

ते मी ठरवून आले नव्हते.

"तुमचं मन चांगलं हाय," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं. बोलणं संपलंय हे मला त्या आवाजातच कळलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रोहिणीचं लग्न झालं. तिला सतरावं लागलं होतं. मुलगा हातकणंगल्याकडचा, सूतगिरणीत. पत्रिका घेऊन मालनचा नवरा दुकानात आला होता, यांच्या हातात देऊन गेला. हे म्हणाले, "जाऊन ये तू. मला वेळ होईल असं वाटत नाही."

मी गेले. टेकावर मांडव घातला होता. दुपारचं ऊन, वऱ्हाडी माणसं, ताशा. रोहिणी पिवळ्या साडीत लहान दिसत होती, कुणाची तरी साडी घालून बघितल्यासारखी. मांडवाच्या मागं मोठी पातेली आणि पिंपं भरून ठेवलेली. दोनशे माणसांचं जेवण, त्यांचं पिणं, हात धुणं. सगळं पाणी टेकावरच्या बायकांनी पहाटेपासून खालून वर वाहून आणलं होतं. त्यांच्या खांद्यांवरचे पदर अजून ओले होते.

मालन स्वतः माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. फुलपात्र भरलं, माझ्या हातात दिलं.

"घ्या वहिनी. उन्हातनं आलायसा."

मी प्यायले. तिनं पुन्हा भरलं. मी तेही प्यायले. मला नको म्हणता आलं नाही आणि त्या पाण्यानं माझा घसाही ओला झाला नाही. ती समोर उभी राहून तांब्या धरून वाट बघत होती, आणखी हवं का म्हणून. एवढ्या वर्षांत तिनं मला कधी पाहुणी मानलं नव्हतं.

"पोरीला आशीर्वाद द्या, जेवून जावा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली.

पुढं धनपालशेठांची गिरणी बंद पडली आणि मालनच्या नवऱ्याचं काम गेलं. त्याला जावयानं आपल्याकडे काम बघून दिलं, आणि ती दोघं घराला कुलूप लावून निघून गेली. ती गेल्याचं मला आठवड्यानं कळलं. माझी मुदत संपली, मी पुन्हा उभी राहिले नाही. नवीन सभेनं टाकीचा ठराव बसल्या बैठकीत मंजूर केला, एकमतानं. घरपट्टी शेकडा वीसनं वाढली. पेठेत दोन दिवस बडबड झाली, मग लोक भरायला लागले. हर्डीकरांनाही भरता आली. टेकावर पाणी चढलं त्या दिवशी वरून ताशांचा आवाज येत होता. मी दुकानात कापड मोजत होते.

आमचे हे जाऊन आता सहा वर्षं झाली. दुकान मीच बघते. गेल्या पावसाळ्यानंतर एक बाई आली. चाळिशीकडे झुकलेली, अंगणवाडीच्या साडीत. दुकानाच्या पायरीवर उभी राहून आत बघत राहिली. गिऱ्हाईक समजून मी म्हटलं, "या ना, काय दाखवू?"

"हेमामावशी, मी रोहिणी. मालन कुदळ्यांची."

मी तिला आत घेतलं. पडवीत बसवलं. चहा केला. तिथं आता कापडाचे गठ्ठे असतात.

"टेकावरच्या घराला नाव लावायला आले होते पालिकेत," ती म्हणाली. "आईच्या नावावर होतं ते. आई फेब्रुवारीत गेली, मावशी."

काय झालं होतं, किती दिवस आजारी होती, एवढं विचारलं. तिनं सांगितलं. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. शेवटचं वर्ष कठीण गेलं. तोवर शिवत होती.

"आणि तू? अंगणवाडीत आहेस?"

"मदतनीस आहे. सेविकेला दहावी लागते." ती सहज म्हणाली. कपातला चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "तुम्हाला भेटायचं होतं. आई तुमचं नाव नेहमी काढायची. मी लहान होते, मला तेव्हा काही समजलं नव्हतं. त्या दिवशी सभेत मी होते ना, पण मी मोजणाऱ्याच्या बोटाकडेच बघत होते, हात कुणाकुणाचे ते मला कळलं नव्हतं, आणि आईनं लगेच बाहेर काढलं. नंतर मी विचारलं होतं तिला. म्हटलं, मावशीनं काय केलं?"

मी तिची कपबशी बाजूला सारली.

"आई म्हणाली, मावशीनं हात वर केला. घरच्यांच्या, पेठेच्या, सगळ्यांच्या विरोधात जाऊन केला. तुझ्या शाळेसाठी केला. पण एक मत कमी पडलं. शेवटपर्यंत हेच सांगायची. माझ्या सासूलासुद्धा सांगायची, माझी मैत्रीण नगरसेविका होती, शब्दाची पक्की होती. मी कधी चिडले ना, माझी शाळा सुटली म्हणून, तर म्हणायची, कुणाला नावं ठेवू नको, आपल्यासाठी हात वर करणारं माणूसही होतं."

बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी उठले नाही.

"रोहिणी," मी म्हटलं.

"काय, मावशी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे मालनचेच. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं होतं, मी नव्हता केला.

"काही नाही," मी म्हटलं. "दमलीस का, विचारत होते."

"नाही, नाही. एसटी आहे साडेचारची, निघते." तिनं पर्स खांद्याला अडकवली, पदर सावरला आणि मी काही म्हणायच्या आत खाली वाकली. दोन्ही हातांनी माझे पाय धरले आणि कपाळ टेकवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.